बाप्पा हलणार नाहीत, तुझा आशिया हलव

हे मला आत्ता, याच मिनिटाला सांगायचंय. ताट वाढलेलं आहे, आई दोनदा ओरडून गेली, पण आधी हे लिहिणार, नाहीतर माझ्या टाळूला भेग पडून तिच्यातून लाव्हा येईल. टायपिंगमध्ये काही उलटसुलट झालं तर समजून घ्या.

तर. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय भूगर्भशास्त्र, आमच्या बाबांच्या भाषेत "ते दगडं". आम्ही भोपाळला राहतो, सोनागिरीत. आजोबा सरकारी नोकरीत नागपूरहून इकडे आले आणि इथलेच झाले, बाबा इथल्या कारखान्यात मेंटेनन्सला आहेत, त्यामुळे आमच्या घरात प्रेम मराठीत आणि भांडण हिंदीत होतं. कॉलेजची फील्ड टूर निघाली देहरादूनला. पाच दिवस! फॉर्मवर खाली "अभिभावक के हस्ताक्षर", म्हणजे पालकांची सही, अशी एक रेघ, आणि ती रेघ गणपतीतल्या सोमवारपर्यंत भरून द्यायची.

बाबा म्हणाले, "तिथे जाऊन बघणार काय?"

आणि मी म्हटलं, "दगड."

काय गरज होती मला हे बोलायची? काही पण म्हणायचं ना. हिमालय म्हणायचं, शिक्षण म्हणायचं.

"दगड तर इथे जवळ मंडीदीपच्या रस्त्यावर पण आहेत," बाबा म्हणाले. "संडेला स्कूटरवर नेतो, दाखवतो, वरून चहा पाजतो. आणि तिकडे भूकंप होतात, माहिती आहे ना?"

"अहो बाबा, म्हणूनच तर जायचंय!"

हे पण बोलायला नको होतं.

पण मला खरंच जायचंय हो. तिथे एक जागा आहे जिथे जुना खडक नव्या खडकाच्या वर बसलेला आहे. उलटा! जो आधी झाला तो खाली पाहिजे ना? पण भारताची प्लेट आशियाला इतकी भिडली, इतकी भिडली, की थर तुटून एकमेकांवर चढले. आमच्या मॅडम म्हणतात तिथे हात लावून बघता येतं, एक तळहात जुन्या खडकावर आणि दुसरा खालच्या नव्यावर. हे ऐकल्यापासून मला दुसरं काही सुचत नाहीये.

आईने मध्यस्थी केली. दरवर्षी गणपतीची आरास आई करते, तिने कंटाळून जाहीर केलं की यंदा हिला करू दे, हिचे ते दगडंच करू दे. बाबांच्या डोळ्यांत चमक आली. मेंटेनन्सवाला माणूस ना, डील केल्याशिवाय राहत नाही. म्हणाले, "ठीक आहे. शनिवारी महाप्रसादाला माझी ताई येणार. तुझी आरास बघून तिला समजलं, आणि तिने मला तिच्या शब्दांत सांगितलं, तर सही. नाहीतर मंडीदीप."

ताई म्हणजे माझी आत्या. राहते इथेच भोपाळात, बाग सेवनियाला. आत्याची खासियत अशी की तिला काही पण सांगा, ती म्हणते, "मग?" एकदा प्रेशर कुकर घ्यायला गेली, दुकानदाराने सांगितलं की शिट्टी वाफेने वाजते. "मग?" वाफ पाण्याची होते. "मग?" तो बिचारा उष्णता, गॅस, सिलेंडर असं करत शेवटी म्हणाला, "माताजी, आप फ्री में ले जाओ." तर ही माझी परीक्षक.

आता आरास समजून घ्या. हॉलमधलं डायनिंग टेबल भिंतीला लावलं. मंडीदीपच्या एका फॅक्टरीत शेजारचा दादा कामाला आहे, त्याने पॅकिंगचा जाड फोम आणून दिला, तो फळ्यांवर चिकटवला. त्या आपल्या प्लेटा. पृथ्वीचं वरचं कवच असं सलग नसतंच ना, तुकडे तुकडे आहे, आणि ते तुकडे खालच्या गरम, घट्ट थरावर हळूहळू सरकतात, आपली नखं वाढतात ना, साधारण त्या वेगाने. आणि जी काही गंमत होते ती सगळी कडांवर होते. मधल्या लोकांना काही पत्ता नसतो. म्हणजे आपण भोपाळवाले.

मधोमध भारत. त्याच्या मागे आशिया. दोघांच्या मधे हिमालय, तो मी टॉवेलांचा केला, एकावर एक चार टॉवेल, वर कापूस. दोन्ही फळ्या जवळ आल्या की टॉवेल मुडपून वर उठणार. डाव्या बाजूला समुद्र, म्हणजे अटलांटिक, तिथे दोन फळ्या एकमेकींपासून लांब जाणार आणि मधल्या फटीतून नवीन जमीन वर येणार, खरी जमीन तशीच येते, खालून वितळलेला खडक वर येतो आणि दोन्हीकडे पसरत जातो. त्यासाठी फटीतून लाल कापड दोन्ही बाजूंनी खेचलं जाईल अशी सोय केली. लाल कापड आईच्या कपाटातून घेतलं. जुनं दिसत होतं. याच्यावर नंतर येते. आणि उजव्या बाजूला दोन फळ्या नुसत्या एकमेकींना घासून जाणार, एक पुढे, एक मागे. काही नवीन बनत नाही, काही बुडत नाही, नुसती घासाघासी. तिच्यावरून आईने एक सरळ रांगोळीची रेघ काढली, फळी सरकली की रेघ मधूनच तुटून बाजूला जाणार.

हे सगळं हलवायला बाबांनी कूलरची मोटर काढली, ती जाळ्या डावी-उजवीकडे फिरवणारी छोटी मोटर असते ना, ती. डब्यांच्या झाकणांच्या पुल्या केल्या, त्यावर मांज्याचा दोरा. वेग इतका कमी की एक आरती पूर्ण होईपर्यंत फळी बोटभर सरकणार. बाबा म्हणाले, "बघ, ही खरी इंजिनियरिंग. दगडात काय आहे?" पण तीन दिवस कारखान्यातून येऊन कपडे न बदलता टेबलाखाली झोपत होते, हे मी नोंदवून ठेवते.

आठवडाभर ट्रायल घेतली. मूर्तीच्या जागी तूरडाळीचा पाच किलोचा स्टीलचा डबा ठेवायचो. भारताची फळी सरकायची, डबा सुखरूप उत्तरेला जायचा, हिमालय वर यायचा, आम्ही टाळ्या वाजवायचो. एकदम परफेक्ट.

चतुर्थीला सकाळी बाप्पा आले. भारतावर पाट ठेवला, पाटावर बाप्पा. बाबांनी पाटाभोवती पेन्सिलने खूण केली, ती त्यांची सवय आहे, आमच्या घरात फ्रिजखाली पण खूण आहे. मग प्राणप्रतिष्ठा झाली, मंत्र झाले, आरती झाली, मोदक झाले. बाबा हात चोळत म्हणाले, "चल, चालू कर."

मी बटणाला हात लावला आणि आई म्हणाली, "थांब. काय काय हलणार आहे?"

"आशिया तिथेच राहणार. भारत हलणार."

"आणि बाप्पा कशावर बसलेत?"

मी बघितलं. बाबांनी बघितलं.

"भारतावर," मी म्हटलं.

"प्राणप्रतिष्ठा झाल्यावर मूर्ती हलवतात का?"

आता ज्यांच्या घरी गणपती बसतो त्यांना माहितीये. नाही हलवत! बसवले की बसवले. विसर्जनाच्या दिवशी उत्तरपूजा होते, तेव्हाच मूर्ती जागची हलवायची. आणि आम्ही तिघांनी, ज्यांच्या घरात आजोबांपासून गणपती बसतोय, त्यांनी बाप्पांना चालत्या प्लेटवर बसवून वर मोटर लावली होती! सात दिवस डाळीच्या डब्याने आम्हाला उल्लू बनवलं.

"मग फळी हळूच—" बाबा म्हणाले.

"हळू नाही नि फास्ट नाही. बाप्पा हलणार नाहीत. तुझा आशिया हलव."

"आई, आशिया नाही येत आपल्याकडे, आपण जातोय त्याच्याकडे! सगळं चुकीचं होईल!"

"तर मग त्याला म्हणावं, दहा दिवस तू ये."

आणि आई मोदकाचं पातेलं घेऊन आत गेली. विषय संपला.

मी तिथेच जमिनीवर बसून रडायच्या बेतात होते. सही गेली, देहरादून गेलं. पण बाबा कुर्ता खोचून टेबलाखाली घुसले आणि तिथून आवाज आला, "अगं, सोफा भिंतीकडे ढकलला काय आणि भिंत सोफ्याकडे ढकलली काय, मधली चटई मुडपणारच ना?"

कसम से, हे बरोबर होतं! मधलं अंतर कमी होतंय, एवढंच महत्त्वाचं. कोण कोणाकडे जातंय हे तुम्ही कुठे उभे आहात त्यावर. आणि आपण तर भारतात बसून बघतोय! आपल्यासाठी आशियाच येतोय. मी पुस्तकात तीनदा वाचलेलं वाक्य बाबांच्या पायांनी मला समजावलं, कारण तेवढेच बाहेर दिसत होते.

मग भारत टेबलाला क्लॅम्पने घट्ट आवळला, दोरा आशियाला लावला. चालू केलं. आशिया किंचित करकरला आणि बाप्पांकडे निघाला. बाप्पा शांत.

आता शनिवार. आत्या अकरा वाजता आली, पिशवीत पडवळ घेऊन. चप्पल काढता काढताच तिला आरास दिसली.

"हे काय करून राहिली गं पोरी? मागे काय सरकून राहिलं ते?"

"आशिया, आत्या."

"मग?"

सुरू झालं. मी हिमालय समजावला. दोन्ही प्लेटा जमिनीच्या, दोन्ही हलक्या, त्यामुळे कोणीच नीट खाली जायला तयार नाही, मग चुरगळून वर. "मग?" मग अजून पण वाढतोय. "मग?" मग भूकंप होतात. आत्याने मधेच विचारलं, "आणि एक जड असली तर?"

आणि हा पार्ट मी आराशीत केलाच नव्हता! जड समुद्राची प्लेट हलक्या जमिनीखाली बुडते, तिथे ज्वालामुखी होतात, हा तर अर्धा धडा आहे, आणि मी टॉवेल संपले म्हणून सोडून दिला होता. बाबा कोपऱ्यात द्रोण पुसत होते, ते हसले. मला दिसलं.

"आत्या, जड असली तर ती खाली बुडते."

"आणि खाली गरम, म्हणून वितळते?"

"नाही ना! गंमत आहे. ती समुद्राखालची असते, सोबत पाणी घेऊन जाते. ते पाणी वरच्या गरम खडकात शिरतं आणि तो खडक वितळतो. तोच मग ज्वालामुखीतून वर येतो."

"पाण्याने दगड वितळतो? काही पण नको सांगू मले."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आईचा आवाज, तिने सगळं ऐकत ऐकत पाक चढवला होता. "अहो ताई, कोरडी साखर कढईत टाकली की किती वेळ तशीच बसते? पाण्याचा हबका मारला की लगेच सुटते की नाही?"

आत्या म्हणाली, "हो. सुटते." आणि पहिल्यांदा, मला आठवतंय तेव्हापासून पहिल्यांदा, तिने पुढचा प्रश्न नाही विचारला. मी मनातल्या मनात बॅग भरायला घेतली.

मग आत्या समुद्राकडे वळली. फटीतून लाल कापड दोन्हीकडे बाहेर येत होतं, त्यावर काठाच्या पट्ट्या, डावीकडे जशा, उजवीकडे तशाच. मी सांगितलं की समुद्राच्या तळाशी खडकातल्या चुंबकत्वाच्या पण अशाच जोडीच्या पट्ट्या सापडतात, दोन्ही बाजूंना सारख्या, त्यावरूनच कळलं की जमीन मधून निघून पसरत जाते. आत्या खूश झाली, अगदी वाकून बघितलं. मग म्हणाली, "ही तर वहिनीची नागपूरवाली साडी."

आतून झारा पडल्याचा आवाज आला.

आई आली. आईने बघितलं. साडीचा अर्धा भाग अटलांटिकच्या पोटात होता. आजूबाजूला महाप्रसादाची वीस माणसं बसलेली म्हणून ती फक्त एवढंच म्हणाली, "पाहुणे जाऊ दे." हे वाक्य ज्यांनी लहानपणी ऐकलंय त्यांना माझी अवस्था कळेल.

आरतीची वेळ झाली. आता इथे एक गोष्ट कोणालाच माहिती नव्हती. सकाळी आत्याने मोठ्या भक्तिभावाने पंचामृत वाहिलं होतं, आणि तिचा हात उदार आहे, त्यामुळे थोडं बाप्पांवर आणि बरंचसं उजवीकडच्या फळ्यांवर गेलं. मध, साखर, दही. दुपारपर्यंत वाळून पक्कं झालं. म्हणजे घासून जाणाऱ्या दोन प्लेटा एकमेकींना चिकटल्या, आणि मोटर मागून ओढतच होती. दोरा ताणला जात होता. फोम वाकत होता. पण बाहेरून सगळं शांत!

आरती सुरू झाली. टाळ, टाळ्या, घंटा. शेजारच्या आंटी नेहमीप्रमाणे शब्द येत नसताना सगळ्यात मोठ्याने म्हणत होत्या. तिसऱ्या कडव्याला, खाड्!

टेबल हादरलं. रांगोळीची रेघ तुटून एक टोक चार बोटं पुढे. समई डुलली, आत्याने पकडली. मोदकांच्या ताटातून तीन मोदक घरंगळून हिमालयात गेले. आंटी ओरडल्या, "हाय राम, भूकंप!" आणि सरळ जिन्यात पोहोचल्या.

आरती बंद. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला.

"बाप्पा हलले का?" आई.

हलले असतील तर संपलंच. देहरादून सोडा, मला पुढच्या वर्षी आराशीजवळ पण फिरकू देणार नाहीत. बाबा पुढे गेले, गुडघ्यावर बसले, चष्मा वर केला, पाटाच्या चारही बाजूंची पेन्सिलची खूण बघितली. खिशातून टेप काढली (महाप्रसादाला कोण खिशात टेप ठेवतं? माझे बाबा ठेवतात).

"झीरो," बाबा म्हणाले. "अजिबात नाही."

आत्याने टाळ उचलला आणि आरती होती तिथून पुढे सुरू केली. आंटी जिन्यातून वर आल्या.

पंगत उठल्यावर बाबांनी आत्याला पाटावर बसवलं. मी समोर, हातात फॉर्म.

"ताई, सांग. काय समजलं?"

आत्याने सुपारी कातरत कातरत सांगितलं. "भिडल्या की वर चढतात, नाहीतर जड असेल ती बुडते, आणि तिच्या पाण्याने वर आग लागते. लांब गेल्या की मधून नवीन निघते, वहिनीची साडी. आणि घासल्या की..." ती थांबली. मी देवाचं नाव घेतलं. "घासल्या की सरकतात तोवर काही नाही रे. अडकतात तेव्हाच धोका. बाहेर सगळं शांत, आत जोर साठून राहिला, अन् मग एकदम सुटतं. माझ्याच पंचामृताने अडकलं होतं ना? मले वाटलंच होतं चिकट झालं म्हणून."

मी उडीच मारली! आमच्या वर्गात अर्ध्या मुलांना हे इतकं नीट सांगता येत नाही! मी फॉर्म बाबांच्या पुढे केला, पेन उघडून दिलं.

बाबांनी पेन घेतलं. फॉर्म वाचला. आणि म्हणाले, "पण आता ताईला समजलं, मला समजलं, आंटीला जिन्यात समजलं. सगळं घरातच दिसलं. मग देहरादूनला कशाला जायचं?"

यार!! म्हणजे नाही समजावलं तर मंडीदीप, आणि नीट समजावलं तर घर! मी आईकडे बघितलं तर ती साडीचा काठ बघत होती, तिकडून मदत शक्य नव्हती.

आत्याने अडकित्ता खाली ठेवला. "अरे, पोरीने हिमालय तुझ्या टॉवेलांचा केलाय."

"मग?" बाबा म्हणाले. चक्क बाबा!

"मग काय? तो निळ्या पट्ट्यांचा तुझा अंघोळीचा आहे. तिला माहीत असतं खरा कसा असतो तर तिने असा केला असता का? जाऊन हात लावून येऊ दे तिला. तू तीन दिवस टेबलाखाली झोपला होता ना, नुसतं चित्र बघून मोटर लावली असती का?"

बाबांनी हिमालयाकडे बघितलं. कापसाखालून निळी पट्टी खरंच दिसत होती आणि शिखरावर एक मोदक होता. मग बाबा उठले, फॉर्म टेबलाच्या कडेवर ठेवला आणि सही करायला लागले. नाव लिहून झालं, आडनावाचं पहिलं अक्षर झालं, आणि खाड्! मोटर कोणी बंदच केली नव्हती. राहिलेलं पंचामृत आता सुटलं. आफ्टरशॉक! पेन सुसाट वर गेलं आणि सहीची शेपटी अभिभावक, पत्ता, रक्तगट सगळं कापत कॉलेजच्या नावापर्यंत पोहोचली.

आज सोमवार. मी फॉर्म दिला. मॅडमनी फॉर्म बघितला, मला बघितलं, परत फॉर्म बघितला.

"ये साइन तुमने खुद की है ना?"

"नहीं मॅडम, भूकंप आ गया था।"

मॅडमनी तिथेच बाबांना फोन लावला. मला वाटलं दोन मिनिटांत होईल. वीस मिनिटं! मी बाहेर उभी राहून ऐकत होते, मॅडम फक्त "जी... जी हाँ... जी, बिल्कुल" करत होत्या. बाबा त्यांना घासणाऱ्या प्लेटा समजावत होते, मोटरच्या स्पीडसकट. शेवटी मॅडमनी फोन ठेवला, कान चोळला, माझ्या नावापुढे टिक केली आणि म्हणाल्या, "तुम्हारे पापा पूछ रहे थे, पेरेंट्स के लिए सीट है क्या."

मी जातेय!! एकटी! सीट नाहीये, मी तीनदा कन्फर्म केलं!

आता आई तिसऱ्यांदा ओरडतेय आणि या वेळी माझं पूर्ण नाव घेऊन, त्यामुळे उठावंच लागेल. पण जाता जाता सांगा ना, तुमच्या घरी पण असं झालंय का, की परवानगी मिळावी म्हणून तुम्ही एखादी गोष्ट घरच्यांना इतकी छान समजावली, की ते म्हणाले, आता समजलंच आहे तर जायचं कशाला?